चिंचेपासून एकवीस हात

पट्टा वितळून डांबर झाला होता.
पस्तीस वर्षं कपाटात बसून
रबर दुसरं काय करणार.
पुलीवरचा काळा चिकटा स्पिरिटच्या चिंधीनं काढला
आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी सोल्यूशननं जोडून चढवली.
जोड पुलीवर आला की मोटर उचकी द्यायची.

मग जीपच्या ट्यूबची आडवी चकती कापली,
बांगडीसारखी, बेजोड.
लाकडी रुळावर चढवून लेथवर घासत गेलो,
अर्ध्या मिलिमीटरपर्यंत.
कुपवाडच्या शेडमध्ये तीस वर्षं पंपाचे शाफ्ट कातले,
एवढं मऊ कधी कातलं नव्हतं.

दाराची खिट्टी भाजीच्या नायलॉन पाटातून निघाली.
कुसुमावती तीन दिवस काही बोलली नाही.
चौथ्या दिवशी नवा पाट आणला,
जुना माझ्या टेबलावर ठेवून गेली.

डिस्क दाबून धरणारा नमदा, तुरीच्या डाळीएवढा.
मिरजेला अब्बास तांबोळी पेट्या दुरुस्त करतो,
त्यानं सुरांखालच्या नमद्यातून पंचनं पाडून दिले, पाच नग.
"चार हरवतील," म्हणाला.
तीन हरवले.

वेग हवा मिनिटाला तीनशे. मोजायला यंत्र नाही,
पण चाकाखाली काळ्या-पांढऱ्या रेघांचं कडं छापलेलं असतं
आणि माझ्या खोलीत अजून चोकवाली ट्यूब आहे
(मुलगा दोनदा एलईडी घेऊन आला, दोनदा परत धाडला).
रेघा आधी मागं मागं सरकत होत्या.
स्क्रू पाव फेरा.
थबकल्या.
चाक फिरतंय आणि रेघा उभ्या!
चहा गार होईपर्यंत बघत बसलो.
मग लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी कोरी डिस्क घातली. लिहिलं, वाचलं, सगळं बरोबर.
शैलजा मगदूमची डिस्क घातली.
रीड एरर.
परत घातली. रीड एरर.
आपलं लिहिलेलं आपल्याला वाचता येतं,
त्यात काय मोठं.

तिच्या सासऱ्यांच्या अडतीत ज्या ड्राइव्हवर हे लिहिलं
तिचं डोकं केसभर सरकलेलं असणार.
मार्केट यार्डात कुणाला पत्ता लागला नाही,
लिहिणारी तीच, वाचणारी तीच.
ती कधीच भंगारात गेली.
राहिलं तिचं चुकणं, या डिस्कवर, गोल गोल.
म्हणजे मी नीट लावलेलं डोकं
आता मोजून तेवढंच चुकवायचं.

दोन स्क्रू सैल. मोटर अंगठ्यानं, केसभर.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडायचा,
विझला नाही तर माणूस.
मीही एकेक ट्रॅक असाच उतरलो.
सतराव्यावर आवाज बदलला,
खरखर थांबली,
टक्, टक्, टक्, कुणी पायऱ्या मोजतंय तसा.

हळद. पोती, भाव, तोलाई, हमाली,
आणि तळाशी तिला हवं होतं ते.
हरिपुरात ती दोन खोल्या बांधतेय,
जेसीबीवाला पुढं सरकायला तयार नाही,
खाली बुजलेली पेवं किती, कुठं, कुणाला माहीत.

पेव एक, चिंचेपासून एकवीस हात, पूर्वेला.
पेव दोन, चिंचेपासून तेहेतीस, थोडं खालच्या अंगाला.
पेव तीन, चिंचेपासून…

"चिंच तर रस्त्यात गेली की ओ," मी म्हणालो.

"बुंधा गेला," ती म्हणाली,
"वीस वर्षं तिथं दोरी बांधून धुणं वाळत घातलंय मी.
ते नका सांगू."

स्वतःचा हात कोपरापासून बोटापर्यंत
टेबलावर पालथा ठेवून बघत राहिली.
"मामंजी बुटके होते," म्हणाली.
"हात त्यांचा धरू, की माझा?"