ठराव क्रमांक सात

सभा बार्जवर भरली,
कारण काठाला सपाट जागा उरलेली नाही.
हजर: सभासद एकवीस, धडगावाहून आलेल्या देवरे मॅडम,
आणि एक बकरी, जिची नोंद घेऊ नये असं ठरलं.
मी सचिव. आश्रमशाळेत दहावी.
अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.

मॅडमनी नकाशा अंथरला.
वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर
जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ठेवल्या.
निळा रंग सगळीकडे सारखाच.

आधी बंदीचे दिवस.
तारखा वरून आल्यात, मॅडम म्हणाल्या.
सेगीबाईने विचारलं, खडशीला कळवल्या का?
पाणी चहासारखं झालं की ती पोटुशी
खडकाकडे वर चढते.
कधी आठ दिवस आधी, कधी पंधरा दिवस उशिरा.

मॅडमनी पेन काढलं. लिहिलं: चहासारखं.
थांबल्या. दुधाचा की कोरा?
कोराच, सेगीबाई म्हणाली,
दुधाचा आम्ही कधी करतो?

मग राखीव क्षेत्र.
जिथे जाळं टाकायचं नाही. कोणीच. कधीच.
तुम्हीच दाखवा, मॅडम म्हणाल्या.
बराच वेळ पत्र्याखाली पाणी वाजत राहिलं.

नुरजीने निळ्यात बोट टेकवलं.
इथे माझा ओटा. मागे मोहाची तीन झाडं.
इकडे गावदेव,
सगळे उठलो तेव्हा तो उठला नाही.
फांद्यांत जाळी अडकतात, फाटतात,
म्हणून तसंही कोणी जात नाही.
चुलीच्या दगडांत वाम राहते.
राहू द्या. भाडं मागत नाही.

क्षेत्रफळ? मॅडमनी विचारलं.
नुरजीला पाठ होतं, मोबदल्याच्या कागदावरचं:
एक पॉइंट बासष्ट.
मग खेमजीने आपलं सांगितलं,
मग ठुमलीने, मेलेल्या सासऱ्याच्या नावचं.
एकवीस आकडे.
मी बेरीज केली.
बरोबर होती, तरी परत केली.

सूचक नुरजी पावरा, अनुमोदक सेगीबाई.
एक सही विभागाची, बाकी अंगठे.
प्रत एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे,
डब्यात, सुताच्या रिळाखाली.

हद्दीवर बोये कोणत्या रंगाचे,
हा विषय पुढच्या सभेत.
लाल नकोत, एवढं एकमताने ठरलं.
लाल खुणा एकदा
घरांवर मारून गेले होते.