मथळा

रुवीत शुक्रवार. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
यादी झाली आहे:
सोहार बंदरातल्या क्रेन,
बरक्याला समुद्र गोडा करणारा कारखाना,
निझव्याचा एक खजूरवाला, हिशेबापुरता.
सगळे आमच्या चिमुकल्या संगणकभाषेवर चालतात.
वर मथळा हवा.

'वापरकर्ते'? साबण आहे का?
'ग्राहक'? एक बैसा कुणी दिलेला नाही.
'परिवार' म्हटलं तर इम्तियाज पारकर हसला,
"लग्नपत्रिका छापतोयस?"

भाषा खरं तर बोलतात.
ही कुणी बोलत नाही,
रात्रपाळीत एकेकटे टंकतात.

तेवढ्यात दापोलीहून त्याच्या आईचा फोन,
दर शुक्रवारचा तोच प्रश्न:
"तिकडे आपलं कोण कोण आहे रे?"

पारकर फोन घेऊन गॅलरीत गेला.
मी ते जसंच्या तसं वर लिहिलं,
'रे' तेवढा खोडला.