नळी उजेडाला धरून

कॅम्पातल्या दुकानात, पंख्याखाली, चंपाक्का
रुमालाची गाठ सोडतात. आत तवनाप्पांचं पिस्तूल,
बत्तीस बोअर, कानडी परवान्याच्या घडीत.
"बघा की, काय येतंय."

आधी मॅगझिन काढतो. मग चेंबर. रिकामं.
परत एकदा बघतो; सेंटरात तीस वर्षं हेच शिकवलं.
स्लाइड ओढून सोडतो. आवाज घट्ट, डुगडुग नाही.
उजव्या कडेचा निळा रंग उडालाय,
म्हणजे लग्नं, जत्रा, कमरेचा पट्टा.
मुठीच्या खाचेत निपाणीच्या वखारीतली
तंबाखूची भुकटी.
ट्रिगरच्या कडीखाली गंजाची रेघ:
दर निवडणुकीला ठाण्यात जमा,
महिनाभर दमटात.
मॅगझिनची स्प्रिंग तेवढी दमलीय.
"उशाखाली भरूनच असायचं," अक्का म्हणतात.

नळी उजेडाला धरतो.
आटे कोरे. कारखान्यात उडवल्या असतील दोन-चार,
त्यानंतर इथून वारासुद्धा गेलेला नाही.

"संकेश्वरच्या अलीकडं ट्रक अडवला होता बघा,
तवा उडवलं त्यांनी. माणसं ऊसात पळाली.
कळतंय काय हो ते, आत बघून?"

मी नळीत परत डोळा घालतो,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.
"कळतंय की. एकदा उडालंय.
हजारभर कमी धरावे लागतील, अक्का."

"धरा," त्या म्हणतात,
आणि आल्यापासून पहिल्यांदाच
खुर्चीला पाठ टेकतात.