लहान टेकडी

जेवणाच्या टेबलाला धक्का लावू नका,
तिथे सध्या सीताबर्डी आहे.
मोठी टेकडी फ्रिजसोबत आलेल्या थर्माकोलची,
लहान टेकडी त्याच्याच तुटक्या कोपऱ्याची,
आणि गवत म्हणून
कूलरच्या जुन्या ताट्यांतलं वुडवूल,
हिरव्या रंगात बुडवून तीन दिवस गच्चीवर वाळवलेलं.
अजून मे महिन्याचा वास येतो त्याला.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार.
अकरावं वर्ष, लढाई तीच.
इर्शाद येतो, चपला काढतो,
भिंतीवरचं घड्याळ उतरवून पालथं ठेवतो:
आता अठराशे सतरा.

पराते मागाची खटखट ऐकत वाढले गोळीबार चौकात,
पुढे जन्मभर विजेची मीटरं वाचली.
आता अंगठ्याच्या पेराएवढ्या एम-सीलच्या अरबांना
शून्य नंबरच्या ब्रशने मिशा काढतात.
एकाला काढता काढता शिंक आली,
डोळा एकच राहिला.
त्याला आम्ही हवालदार केलं.

इंग्रज कोणी व्हायचं,
यावर पहिली दोन वर्षं नुसती भांडणं.
तिसऱ्या वर्षी वैजूने चिठ्ठ्या टाकल्या
आणि चिठ्ठी तिचीच निघाली.
तेव्हापासून ती कंपनी सरकार.
चहाचा कप देताना हात मागे घेते,
म्हणते, आधी खंडणी.
घोडदळ तर असं चालवते
की शिंप्याची टेपसुद्धा तिच्या बाजूने लांब होते.

नियम परात्यांच्या रेघी वहीत.
लहान टेकडी आपल्या हाती आली
की दर पाळीला फासा टाकायचा:
एक पडला, बारुदीचा गाडा उडाला.
'तेव्हा उडाला होता न बे,' पराते म्हणतात,
'मंग आपन कायले वाचवाचा?'
दहा वर्षं उडाला.
कधी दुसऱ्या पाळीला,
कधी दिवे लागल्यावर, अगदी आता जिंकलो म्हणताना.
कापसाचा धूर लावून आम्ही मुकाट्याने
अरब आडवे करायचो, एकेक,
आणि वैजू तेवढ्या वेळ
काही बोलायची नाही.

यंदा फासा निदाकडे होता,
इर्शादची धाकटी, इयत्ता सहावी.
स्टीलच्या वाटीत खळखळवून टाकायची.
चार.
सहा.
दोन, आणि परात्यांनी डोळे मिटले होते.
पुन्हा चार.
सातव्या पाळीला वैजूचा शेवटचा घोडेस्वार
वुडवुलात तोंडघशी पडला.
टेबलावर मारायला कोणी उरलं नाही.

कोणी ओरडलं नाही.
इर्शादने टेकडीकडे असं पाहिलं
जसं लोक चुकून आपल्या घरी आलेल्या मनीऑर्डरकडे पाहतात.

'जिंकलो ना?' निदा म्हणाली, 'मग आता पुढे?'

परात्यांनी वही चाळली.
पुढची पानं कोरी होती.
एका पानावर तूर डाळ दोन किलो, साबण, मेणबत्त्या.
'हे लिवलंच नाही,' ते म्हणाले,
'याची कधी गरजच पडली नाही.'

खरी टेकडी इथून दीड कोस.
तिच्या पायथ्याशी आता मेट्रो थांबते,
वरचं फाटक वर्षातून तीनदा उघडतं,
आणि आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहतो.

वैजूने संत्रा बर्फीचा रिकामा डबा आणला,
फौज भरायला.
'राहू द्या वैजूताई,' पराते म्हणाले,
'एक रात राहू द्या.'
मग आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.
पराते घरी गेलेच नाहीत,
थंडीचं निमित्त सांगून दिवाणावर पसरले.

रात्री पाण्यासाठी उठलो.
फ्रिज उघडला तर उजेड थेट टेकडीवर.
गाडा शाबूत.
शेजारी हवालदार,
एक डोळा उघडा.
मला उगीच वाटलं,
गाडा फ्रिजच्या वाऱ्यापासून बोटभर सरकवावा.
हात पुढे केला,
तोच अंधारातून, दिवाणाच्या बाजूने, आवाज आला:

'कोन हाय बे?'

हात तसाच ठेवून मी म्हणालो,
आपलाच.