गारपिटीनंतरचा रविवार

बॉनेटवर सतरा खळगे. मी मोजले.
हे म्हणतात, बावीस.
मंगळवारी बेसा रोडवर दहा मिनिटं
लिंबाएवढ्या गारा पडल्या,
गाडी अंगणात उघडी
आणि गॅरेजात, कोरड्या स्लॅबखाली, सुखरूप
तीन कूलर.
त्यातला एकही चालत नाही.

शटरला वाटीभर गोडेतेल पाजलं,
तरी अर्ध्यावर अडकलं.
वाकूनच आत शिरलो दोघं.
आत वाळ्याच्या ताट्यांचा वास,
कित्येक उन्हाळे पाणी पिऊन
वाळून गेलेल्या गवताचा.

गाडी रस्त्यावर काढली, अंगणात खडूनं चौकोन आखले,
पुण्याहून मुलीनं फोनवर सांगितले तसे:
ठेवायचं. द्यायचं. मोईनभाईचं.
साडेअकराला यांनी चौथा आखला, न विचारता,
आणि त्यात लिहिलं: पाहू.

पाहूत गेले कूलरचे पाच पंप,
लुनाचं एक पेडल (लुना कुठे, विचारू नये),
संत्र्यांच्या दोन पेट्या
आणि तिसरी मोडून काढलेल्या फळ्या, खिळ्यांसकट,
तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, तीन चाकांवर तोल सांभाळणारा,
एका डब्यात कुलपं नसलेल्या किल्ल्या.
दुसऱ्या कोपऱ्यातल्या डब्यात
किल्ल्या नसलेली कुलपं.
एकोणीस वर्षं एकाच छताखाली,
कुणी ओळख करून दिली नाही.

"काहून ठेवून राहिले हे?"
"लागते कधी."
"कधी?"
"लागते."

चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस.
मे महिन्यातल्या रात्री अख्खी गल्ली गच्चीवर,
पंखे मेलेले, पोरं रडकुंडीला आलेली,
आणि हा खिशातून वीतभर तार काढणार.
त्याला खरंच लागलं आहे कधीतरी.
मी पुढे बोलले नाही.

मोईनभाई दोनला आले, हातगाडी, काटा.
"पत्रा सडला आहे भाभी, लोखंडाचा भाव नाही मिळायचा."
पहिला कूलर फाटकाबाहेर गेला.
दुसरा गेला.
तिसरा यांनी अर्ध्या वाटेतून परत आणला,
पंखा तेवढा सोडवून घेतला,
त्याची पाती बनियनच्या टोकानं पुसली.

मग, बागेच्या पाइपामागे,
भिंतीकडे तोंड करून ठेवलेला
हातभर पांढरा पत्रा. उलटा केला.
लाल रंगात एल.

माझा.
अठ्ठ्याण्णवचा हिवाळा, गजभिये सरांची फियाट,
सकाळी सहाला अंबाझरी तलावाचा रस्ता,
धुक्यात दुसऱ्या गिअरला घाबरणारी मी.
अठरा दिवस.
एकोणिसाव्या दिवशी आपल्याच फाटकाचा खांब.
कुणी नको चालवू म्हटलं नाही.
कुणी चल, पुन्हा बस, असंही म्हटलं नाही.
स्कूटर होती. पोस्टात जायला पुरायची.

मी तो कुठल्या चौकोनात टाकते
हे पाहत होते हे, हातात पंखा घेऊन.
मी तो तुळशीजवळ उन्हात ठेवला.

संध्याकाळी जमीन धुतली,
तिचा रंग राखाडी निघाला, मी लाल समजत होते.
पाहूचा ढीग उजव्या भिंतीशी रचला
आणि यांनी गाडी आत घातली,
शाळेत पहिल्यांदा सोडलेल्या पोरासारखी, हळूहळू.
मग उजवं दार उघडेना.
पंपांना अडत होतं.
हॉर्न वाजवला एकदा, माझ्यासाठी.
मग गिअरवरून पाय काढत, कण्हत,
डावीकडून उतरले, काही न बोलता
चहा ठेवायला आत गेले.

किल्ली तशीच होती.

मी डावीकडून शिरले, साडी आवरत सरकले पलीकडे.
सीट पुढे ओढली. बरीच ओढावी लागली.
मग आरसा:
अर्धवट शटरखालून दिसलं अंगण, पुसट खडू,
आणि बरोबर मधोमध
फाटकाचा खांब, वाकडा.