दुसरी बाटली

दर मंगळवारी होडी लागते तेव्हा
मी टेबलावर फुंकायची नळी, वही आणि दोन खोकी मांडून बसलेली असते.
बाटल्या सारख्या. झाकणं सारखी. गोळ्यांचा हिरवा रंगही सारखाच.
एकीत लागुंदी, पाच बोटांचं पान, सावलीत वाळवून दळलेलं;
दुसरीत नुसतं पीठ.
कुठली कुणाच्या वाट्याला, ते मलाही ठाऊक नाही.
ते मनिलाच्या एका कपाटात कुलूपबंद आहे.
"फुंका," मी म्हणते. "अजून. अजून थोडं."
काटा चढतो, अडतो.
मी आकडा लिहिते.

तिया एपिफानियाचा एकही मंगळवार चुकला नाही.
दोनशे दहा. एकशे नव्वद. दोनशे.
अबाकाचे दोर वळून तळवे राठ,
निळा पंप रुमालाच्या गाठीत.
बेटावरच्या प्रत्येक धापेला
चाळीस वर्षं काढा हिनेच पाजला,
अपरात्री उठून,
एका कोंबडीच्या बदल्यात, नाहीतर उधारीवर.

दहाव्या मंगळवारी तिने गोळी दाताखाली फोडली,
हुंगली,
आणि काटा मारणाऱ्या वाण्याकडे बघावं
तशी माझ्याकडे बघत राहिली.

"पोरी, यात पान नाही."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.
खरं तेच होतं,
तरी खोटं पकडल्यासारखे कान तापले.

"पहिल्या दिवसापासूनच नाही.
लागुंदी मला झोपेतही कळते."

मग कशाला आलात दहा वेळा?
उलट्या वाऱ्यात, होडीचं भाडं भरून?
तुमच्या दाराशी तर झुडूप आहे.

"आहे ना. जांभळ्या फुलांनी लगडलंय.
दहा आठवडे पान खुडलं नाही."

तिने दम घेतला.
आत कुणीतरी ओलं लाकूड कापत होतं.

"बरे झाले ते सांगायला आले.
गेले ते काही आले नाहीत.
आणि पाल्यावाचूनही जे उठून बसले असते,
त्यांच्या कोंबड्या मी खाल्ल्या.
किती, ते कधी मोजलं नाही.
तू मोजतेस.
मग पान न मिळणाऱ्यांच्या बाजूला
कुणीतरी बसायला हवं की नको?"

वहीच्या तळाशी एक ओळ असते:
बाटली ओळखली का? हो, नाही.
'हो'वर खूण केली की
तिचे आकडे वेगळ्या रकान्यात जातात,
आणि तिथून पुढे कुठे, ते आम्हाला कुणी सांगत नाही.
माझं पेन थांबलेलं तिने पाहिलं.
"खरं ते लिही."

मी लिहिलं.

"म्हणजे माझे दहा मंगळवार फुकट?"

"नाही," मी म्हणाले.
हेही मला माहीत नव्हतं.

बाहेर होडीवाला शीळ घालत होता.
तिने नळी स्वतःच ओढून घेतली,
पाठ ताठ केली, डोळे मिटले.

एकशे पंच्याऐंशी.