काय नको ते

शाहूपुरीतल्या अडत दुकानात, गादीवर रेलून,
आदगोंडा मगदूम म्हणाले,
"आमास्नी सॉफ्टवेअर पायजे."
कसलं, असं विचारलं, तर म्हणाले, "चांगलं."

मी वहीत लिहिलं : चांगलं.
खाली रेघ मारली.
माझी यादी एकवीस प्रश्नांची होती.
तिसऱ्याला चहा आला,
पाचव्याला हमाल आला तोलाईचं भांडण घेऊन,
आणि नवव्याला ते म्हणाले,
"पोरी, किती इचारतीस?
भूक किती हाय ह्ये पाटावर बसायच्या आदी
कोण लिवून देतंय?"

राजारामपुरीत, जिन्याखालच्या आमच्या ऑफिसात,
घोरपडे सरांनी फळ्यावर पायऱ्या काढल्या.
वर गरजा, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी.
पाणी वरून खाली. एकदा पडलं की पडलं.
"सही घे मगदुमांची," सर म्हणाले, "पानापानावर.
उद्या फिरले तर कागद आहे."

मगदूम सही करतील, हे मला दिसत होतं.
न वाचता करतील, चष्मा गल्ल्यात असतो.
आणि मार्चमध्ये, सगळं बांधून झाल्यावर,
स्क्रीनकडे बघत हळूच म्हणतील, "ह्ये न्हवं."
कागद असेल आमच्याकडे.
भडंग बांधायला बरा.

सोहेल मुजावर म्हणाला, गोल गोल जाऊ,
दर फेरीला धोका मोजू, मग पुढचं पाऊल.
"मोजायला माणूस लागतो," सर म्हणाले,
"आपण तिघं आहोत. त्यातला एक मी."

रविवारी मगदुमांनी वडणग्याला नेलं, गुऱ्हाळावर.
कामाचं काही नाही, नुसतं रस प्यायला.
काहिलीपाशी तातोबा गुळव्या उभा,
वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब सोडायचा,
बोटांत वळायचा, म्हणायचा, "आजून."
चुलवाण्याला मान हलवायची, पुन्हा थेंब, पुन्हा, "आजून."
चौथी गोळी वाटीच्या काठावर वाजली : टण.
"उतरा!"
किती मिनिटं लागतात, मी विचारलं.
"त्ये उसाला इचारा," तो म्हणाला, आणि घाम पुसला.

त्या रात्री मी तीन पडदे बनवले.
मागे काहीच नाही. बटणं दाबली की रंग बदलायचे, एवढंच.
आकडे खोटे, शेतकऱ्यांची नावं माझ्या मावसभावांची.
सोमवारी लॅपटॉप गादीवर ठेवला.

मगदूम बघत राहिले.
मग कोपऱ्यातून हुल्ले दिवाणजी उठले,
ज्यांच्यासाठी माझ्या एकवीस प्रश्नांत एकही नव्हता.
पडद्याला नाक लावून म्हणाले,
"रव्याचा रंग सकाळच्या उजेडात येगळा, दुपारी येगळा.
बगितला कवा, त्ये लिवायला जागा कुठं हाय?"

नव्हती.

"चाळीस वर्सं हितं बसतोयस," मगदूम त्यांना म्हणाले,
"कदी बोलला न्हाईस."
"दाखवलं कुनी आदी?" दिवाणजी म्हणाले,
आणि आणखी चार चुका काढल्या,
त्यातली एक त्यांचीच होती, वहीतली, जुनी.

ते तीनही पडदे मी पुसून टाकले.
सोहेल हळहळला, रंग त्यानं निवडले होते.
दुसरे केले. तेही अर्धे गेले.
मगदूम आता रोज सांगतात,
काय पाहिजे ते अजून नाही,
काय नको ते मात्र अगदी नेमकं.

करारात एक ओळ रिकामी होती : कामाची पद्धत.
मी लिहिलं, कच्चा नमुना, मग बदल, मग पुन्हा नमुना.
"पुन्हा म्हणजे किती वेळा?" सरांनी विचारलं.
"बिलात आकडा लागतो."

तातोबाचं उत्तर जिभेवर आलं होतं.
बिलात ते बसलं नसतं.

मी सहा लिहिलं.
पेन्सिलनं.